चीनची सुई, कंधारची रिंगणी

दाढ रात्रीच का ठणकते, याचे कारण दाताच्या घडणीत आहे. वरून शरीरातले सर्वांत टणक कवच, त्याखाली दंतिन आणि अगदी आत नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गर. गावाकडे या गरालाच 'नस' म्हणतात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. बोट सुजले तर त्याला फुगायला जागा असते, या गराला चारी बाजूंनी भिंत. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आत दाब चढतो आणि कळ थेट कानशिलापर्यंत जाते. दिवसभर 'थोडं दुखतंय' म्हणणारा माणूस मध्यरात्री उशीवर डोके टेकवू शकत नाही.

अशा रात्री नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यातल्या घरांत काय होते, ते इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. कुणी लवंग दाढेखाली धरते, कुणी तुरटीच्या पाण्याने गुळण्या करते. हिंग, कापूर, लसणाची पाकळी, मिसरीची चिमूट, जे हाताशी असेल ते भोकात दाबले जाते. उजाडले की मेडिकलवरून 'दाढदुखीची गोळी' येते. अलीकडे यात मोबाइलची भर पडली आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली मांसल जागा दाबा, दाढ थांबेल, असे सांगणारे व्हिडिओ घरोघरी फिरतात. ती जागा म्हणजे चिनी वैद्यकातला 'हगू' हा बिंदू. त्यामुळे चिनी उपचाराने दाढदुखी बरी होते का, हा प्रश्न आता कंधारमध्येही विचारला जातो.

माझ्या मते या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दुखणे थांबते का, हा एक. दाढ बरी होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काही प्रकारच्या दुखण्यात, काही काळापुरते 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' आहे, आणि तेच उत्तर आपल्या वैदूने दाढेला दिलेल्या धुरीला आणि आजीच्या लवंगेलाही लागू पडते. या दोन उत्तरांची गल्लत झाली की माणसे दाढ गमावतात आणि क्वचित जीवही.

चीनमधल्या दाढदुखीवरच्या उपचाराच्या सर्वांत जुन्या सविस्तर नोंदींपैकी एक सिमा छ्येन याच्या इतिहासग्रंथात आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात छुन्यू यी नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने आपल्या रुग्णांच्या हकिकती लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांपैकी पंचवीसेक ग्रंथात उतरल्या आहेत. त्यात छी राज्यातला एक अधिकारी आहे, दाढ किडलेला. वैद्याने त्याच्या एका नाडीमार्गावर औषधी पाल्याचा डाग दिला आणि 'खुशन' नावाच्या कडू मुळीच्या काढ्याच्या गुळण्या रोज भरपूर करायला लावल्या. पाचसहा दिवसांत आराम पडला. दुखण्याची कारणेही त्याने लिहिली आहेत: वारा बाधला, तोंड उघडे ठेवून झोपला, आणि जेवल्यावर चूळ भरली नाही. शेवटचे कारण वाचून मला त्या वैद्याबद्दल फार आदर वाटतो. जंतू कुणाला माहीत नव्हते, तरी खाल्लेले तोंडात राहते तिथेच घात होतो, हे त्याने दोन हजार वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते.

पुढे या अनुभवांवर शास्त्राची मांडणी चढली. मोठ्या आतड्याचा नाडीमार्ग खालच्या हिरडीत आणि जठराचा मार्ग वरच्या हिरडीत जातो, असे चिनी वैद्य मानतात. म्हणून दाढेसाठी सुई हातावर किंवा पायाच्या बोटांमध्येही टोचतात. दुखण्याचे ते मुख्यतः तीन प्रकार करतात. वारा आणि उष्णता यांनी अचानक उठलेले, जठरातल्या अग्नीने हिरडी लाल करून ठणकणारे, आणि मूत्रपिंडाची शक्ती घटल्याने दात सैल होऊन कुरकुरणारे. काढे प्रकाराप्रमाणे बदलतात. आयुर्वेद शिकलेल्या माणसाला ही विचारपद्धत परकी वाटणार नाही.

सुश्रुताने दातांचे जे आठ रोग सांगितले त्यात 'कृमिदंतक' आहे. काळे छिद्र, हलणारा दात, स्राव, सूज आणि कारणाशिवाय उठणारी कळ, हे त्याचे वर्णन आजच्या दंतवैद्यालाही ओळखीचे वाटेल. वाग्भटाने तर पोकळ दातात गूळ किंवा मेण भरून तप्त शलाकेने डाग द्यायला सांगितले आहे. म्हणजे भोक भरायचे आणि आतली नस जाळायची. कल्पना नेमकी होती, साधने नव्हती. सुश्रुताने मात्र एक इशारा दिला आहे जो आजही मराठवाड्याला सोडत नाही. वरचा घट्ट दात उपटला तर फार रक्त जाऊन माणूस काणा होतो किंवा त्याचे तोंड वाकडे होते, म्हणून वरचा दात हलता असला तरी काढू नये, असे त्याचे म्हणणे. बधिरीकरण नाही, टाके नाहीत, जंतुनाशके नाहीत अशा काळात तो इशारा शहाणपणाचाच होता. पण 'वरची दाढ काढली की नजर जाते' हे वाक्य आजही पारावर ऐकू येते, आणि किडून काळी पडलेली वरची दाढ माणसे वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगवेगळी आहे. आज दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट सडलेल्या वरच्या दाढेतला पू गालातून डोळ्याकडे चढू शकतो, आणि नजरेला खरा धोका तिथे असतो.

आता धुरीकडे वळू, कारण चीन आणि कंधार यांना जोडणारा सर्वांत पक्का धागा तोच आहे. भुईरिंगणी म्हणजे संस्कृतातली कंटकारी. माळरानावर जमिनीलगत पसरणारी, जांभळ्या फुलांची, पानापानावर काटे असलेली. तिची पिवळी फळे वाळवून बी ठेवतात. दाताची कीड काढणारा वैदू लोखंडाचा तुकडा लाल तापवतो, त्यावर तेल आणि बी टाकतो, वर भोक पाडलेले भांडे पालथे घालतो आणि नळीने धूर दाढेवर सोडतो. तोंडातून लाळ गळते, ती खालच्या पाण्याच्या भांड्यात पडते, आणि थोड्या वेळाने त्या पाण्यात बारीक, पांढऱ्या, वळलेल्या 'अळ्या' तरंगताना दाखवल्या जातात. बघणाऱ्याची खात्री पटते, दुखणाऱ्याची तर त्याहून जास्त.

चीनच्या सर्वांत जुन्या औषधिग्रंथात, शन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात, एका बियाचा गुण दातदुखी थांबवून कीड बाहेर काढणे असा नोंदवला आहे. ते बी आपल्या खुरासानी ओव्याच्या कुळातले. युरोपातही शतकानुशतके त्याच झाडाच्या बियांची धुरी दाढेला देत. तिथल्या अभ्यासकांनी त्या 'अळ्या' तपासल्या तेव्हा त्या तापून फुटलेल्या बियांतले कोंब निघाले. बाहेरचे टरफल तडकले की आतला पांढरा वळलेला कोंब सुटा होतो आणि दिसतो हुबेहूब अळीसारखा. रिंगणीच्या बियातही कोंब असाच वळलेला असतो. हजारो कोस दूरच्या लोकांनी एकच उपाय केला आणि सगळ्यांना तीच कीड दिसली, त्यामागे हे बी आहे.

धुरी देणारे सगळे फसवतात असे मी म्हणणार नाही. बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो, आणि धुराच्या उष्णतेने, लाळ सुटल्याने काही जणांना घटकाभर बरेही वाटते. पण दाढेत अळी नसते. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच दंतकृमीची कल्पना खोडून काढली. १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी साखर आणि पिठूळ पदार्थांवर तोंडातले जंतू जगतात, आम्ल सोडतात आणि ते आम्ल दात पोखरते, हे मांडले. चहात बुडवलेले बिस्कीट दातांच्या फटीत तासभर राहिले की जे होते, त्यालाच आपण कीड म्हणतो. खुरासानी ओव्याच्या धुरीबाबत मात्र कडक सावधगिरी हवी. ते झाड विषारी आहे. त्याच्या द्रव्याने भ्रम होतो, छाती धडधडते, आणि लहान मुलाला ते झेपत नाही.

झाडपाल्यात खरोखर बधिर करणारे काही आहे का? आहे, आणि या बाबतीत चिनी आणि मराठी औषध एकाच रसायनाशी येऊन थांबतात. अक्कलकाऱ्याचे पिवळे बोंड चावले की जिभेला झिणझिण्या येतात आणि मग ती जड पडते. हे त्यातल्या स्पिलँथॉल या द्रव्याने घडते. चीनमध्ये दातदुखीवर सिच्वान मिरी चघळतात. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे त्याच मिरीचे सख्खे भावंड. तिच्यातला सांशूल आणि अक्कलकाऱ्यातला स्पिलँथॉल एकाच रासायनिक कुळातले आहेत. अमेरिकेत याच वंशाच्या एका झाडाला तिथले लोक दातदुखीचे झाडच म्हणत. लवंगेचे तर विचारायलाच नको. तिच्यातले युजेनॉल नसा खरोखर शांत करते, आणि झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप आजही दंतवैद्य तात्पुरते भरण म्हणून वापरतात. चीनच्या हान दरबारात सम्राटापुढे बोलताना अधिकारी तोंडात लवंग धरत, अशी नोंद आहे. म्हणजे आजीच्या डब्यातला उपाय आणि दवाखान्यातला लेप यांच्यात फार अंतर नाही. फक्त लवंगेचे तेल थेट हिरडीवर ओतायचे नाही, कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब घेऊन भोकापुरते लावायचे. हिरडी भाजते. लसूण आणि भिलावा तर त्याहून जास्त भाजतात, आणि ॲस्पिरिनची गोळी गालात धरून बसणाऱ्यांच्या हिरडीवर पांढरा चट्टा उठतो.

सुईकडे येण्याआधी एक मराठी माणूस आठवतो. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे बिजय बसू होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले, वय अवघे ३२. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, तो घराघरात माहीत आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुईवाले नव्हे. पण त्यांचे सहकारी बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून १९५९ च्या सुमारास ते भारतात आणले, आणि आज पंजाबात लुधियान्याला कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय चालते. सोलापूर मराठवाड्याच्या शेजारचे, त्यामुळे या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटावा.

त्याच्याही आधी आपल्या मोठ्या शहरांत चिनी माणूस दातांसाठीच ओळखीचा होता. हुबेई प्रांतातून आलेल्या चिनी कुटुंबांनी मुंबई, कोलकाता अशा शहरांत दात काढण्याची आणि कवळ्या बसवण्याची दुकाने थाटली होती. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. त्यांच्या हातात चिमटा आणि मेणाचा साचा असे, सुई नसे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने पदवी नसलेल्या पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांची वेगळी नोंदवही ठेवली. १९६२ च्या युद्धात भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, त्यानंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. त्यांचा गुन्हा काही नव्हता, आणि ही गोष्ट आपल्या दातांच्या इतिहासात लिहिली जायला हवी.

आता पुरावा. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या पोटदुखीवर तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या. ती बातमी छापून आल्यावर पाश्चात्त्य संशोधक या विद्येकडे वळले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी ॲक्युपंक्चरचा उपयोग जिथे मान्य केला त्या मोजक्या जागांत दातांच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे होते. १९९८ मध्ये अर्न्स्ट आणि पिटलर यांनी १६ नियंत्रित चाचण्या तपासल्या आणि बहुतेकींचा कल सुईच्या बाजूने आहे असे नोंदवले. लिशिंग लाओ आणि सहकाऱ्यांनी मेरिलँड विद्यापीठात केलेली चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. अक्कलदाढ काढलेल्या ३९ जणांपैकी काहींना खरी सुई, काहींना खोटी. खऱ्या सुईवाल्यांचे दुखणे सरासरी १७३ मिनिटांनी परत आले, खोट्या सुईवाल्यांचे ९४ मिनिटांनी.

या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. हा फरक सव्वा तासाच्या आसपासचा आहे. आणि हे दुखणे दाढ काढून झाल्यानंतरचे आहे. रोगाचे मूळ त्या वेळी बाहेर पडलेले होते, उरली होती ती जखम. कंधारच्या रात्रीतली दाढ मात्र अजून तोंडात आहे, सडते आहे, आत पू धरते आहे. 'ॲक्युपंक्चर दाढदुखीवर सिद्ध झाले' असे जाहिरातीत वाचले की हा फरक आठवावा. शास्त्राने मान्यता दिली ती एका दुखण्यासाठी आणि विकले जाते दुसऱ्याच दुखण्यावर.

तरी हगूच्या बिंदूबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे, कारण तो कुणालाही करता येतो. १९८० मध्ये कॅनडात वेदनेचे मोठे अभ्यासक रोनाल्ड मेल्झॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्याखुऱ्या दातदुखीने आलेल्या रुग्णांच्या हातावर, दुखणाऱ्या बाजूच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात, बर्फ चोळला. बऱ्याच जणांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले. सुई नाही, मार्ग नाही, साधा बर्फ. मेल्झॅक यांचे स्पष्टीकरण असे की हातावरच्या तीव्र संवेदनेमुळे मज्जारज्जू आणि मेंदू दाताकडून येणाऱ्या वेदनेला आवर घालतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा खडा पाचसात मिनिटे बेचक्यात फिरवायचा. कातडी पांढरी पडण्याआधी थांबायचे. गरोदर बाईच्या त्या बिंदूवर सुई किंवा जोराचा दाब चिनी वैद्य स्वतःच वर्ज्य मानतात, ते पाळावे.

चिनी काढ्यांबाबत माझा सल्ला याहून कडक आहे. दातदुखीवर चिनी वैद्य 'शीशिन' ही मुळी वापरत आले आहेत. तिच्या कुळातल्या झाडांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते, ज्याने मूत्रपिंडे निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. थू यूयू यांनी चिनी वनस्पतीतूनच हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधले आणि २०१५ चे नोबेल मिळवले, हे खरे आहे. पण त्यांनी द्रव्य वेगळे काढले, मोजले, तपासले. बाजारात 'चिनी जडीबुटी' म्हणून आलेल्या पुडीवर यातले काहीही झालेले नसते.

सुईची योग्य जागा कुठली, हे आता सांगता येते. तोंडात आरसा घातला की ज्यांना ओकारी येते, ज्यांचा जबड्याचा सांधा आणि चावायचे स्नायू आखडून दुखतात, ज्यांना दात काढल्यानंतर गोळ्या चालत नाहीत, त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीतच ॲक्युपंक्चरची साथ मिळाली तर उपयोग होईल. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला आहे, केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे नोंदणी असलेला, दर रुग्णाला नवी निर्जंतुक सुई वापरणारा उपचारक मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. सुई एकाची दुसऱ्याला लागली तर कावीळ आणि एचआयव्ही दोन्ही पसरतात.

मिसरीचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण दाढदुखीवरच्या घरगुती उपायांत सर्वांत जास्त नुकसान तिने केले आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड किती तरी बायका पहिल्यांदा दाढ दुखते म्हणूनच लावतात. तंबाखूने हिरडी थोडी बधिर होते, मग सवय लागते, मग दिवसातून चारचारदा. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेल्या मिसरीला कायदा कुठून गाठणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढणारे. दाढ वेळेवर भरून मिळाली असती तर यातल्या कित्येक बाया तंबाखूला शिवल्याही नसत्या.

कारण अडचण शेवटी दंतवैद्याच्या खुर्चीची आहे. भोक लहान असताना भरायला थोडका वेळ आणि थोडके पैसे लागतात. नस सुजली की मूळनलिका उपचार, दोनतीन फेऱ्या, वर टोपी, आणि खर्च मजुराच्या आवाक्याबाहेर. फेरी म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजी. मग 'काढून टाका' हाच सोपा मार्ग उरतो, आणि तोही धुरी, गोळी, बर्फ, सगळे करून झाल्यावर. मधल्या काळात बहुतेकदा असे होते की दुखणे आपोआप थांबते. घरातले म्हणतात, औषध लागू पडले. खरे तर त्या दिवशी नस मेलेली असते, आणि जंतू मुळाच्या टोकाशी हाडात उतरलेले असतात. ज्या उपायानंतर दुखणे थांबले त्याला श्रेय मिळते, मग ती सुई असो की रिंगणी, आणि दाढ पुढच्या सुजेची तयारी करत राहते.

म्हणून लवंग, बर्फ, हगू, हवे ते करावे, पण ती रात्र काढण्यापुरते, आणि सकाळी दंतवैद्याकडे निघावे. काही खुणा दिसल्या तर सकाळचीही वाट पाहू नये. गाल सुजून डोळा मिटू लागला, जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, तोंड दोन बोटांइतकेही उघडेना, थुंकी गिळवेना, ताप भरला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पू मानेत उतरतो आहे असे समजावे. मधुमेह असलेल्या माणसाला हे फार वेगाने घडते. अशा वेळी शेक देऊ नये, सूज दाबू नये, कुणालाही गावातच फोडू देऊ नये. १०८ ला फोन लावावा आणि त्याच रात्री नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय गाठावे.